स्तंभशीर्षाची मागची बाजू: लेझर स्कॅनपासून पृष्ठभागापर्यंतचे आठ महिने

मार्चमध्ये मी या कामाला हात घातला तेव्हा सूत्रं मिळाली, सॉफ्टवेअरची मदतपानं मिळाली, शोधनिबंध तर ढिगानं मिळाले. फाइल पहिल्यांदा उघडल्यापासून पृष्ठभाग हातात पडेपर्यंत मधे काय काय घडतं, हे मात्र कुणी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून माझं काम जसं झालं तसं तारीखवार लिहून ठेवते आहे. कुणी याच वाटेवर असेल तर निदान कुठे थांबावं लागतं हे आधी कळेल.

काम असं होतं. एक जुनं दगडी दालन, २४ मीटर लांब, १४ मीटर रुंद. आत चार खांब आणि त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी कोरलेली स्तंभशीर्षं. लेझर स्कॅनिंग काही वर्षांपूर्वीच झालेलं होतं. पण स्कॅन म्हणजे नुसते बिंदू. लांबून भिंत दिसते, जवळ गेलं की ती विरळ होत जाते आणि पलीकडचं दिसायला लागतं. मोजमापासाठी, पडझडीची तुलना करण्यासाठी, लोकांना दाखवण्यासाठी सलग पृष्ठभाग लागतो, म्हणजे त्रिकोणांची मेश. ती मी विनामोबदला करून देणार होते. दालन कुठलं आणि ते सांभाळणारी संस्था कोणती हे लिहीत नाही, कारण करारात तशी अट आहे.

३ मार्चला अर्ज केला. ‘डेटा कशासाठी हवा’ या रकान्यात मी ‘अभ्यासासाठी’ एवढंच लिहिलं. अकरा दिवसांनी अर्ज परत आला, सोबत चार प्रश्न. यातून नेमकं काय तयार होणार? ते कुठे ठेवणार? कोण पाहणार? काम संपल्यावर मूळ फाइल्सचं काय करणार? मला ती अडवणूक वाटली, रागही आला. मग आठवलं की स्टॅनफर्डच्या चमूनं १९९८-९९ मध्ये मायकेलँजेलोचे पुतळे स्कॅन केले, त्या मॉडेल्ससाठीही अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. अचूक मेश हाताशी असेल तर वस्तूची प्रतिकृती काढता येते, हे त्यामागचं साधं कारण. मी दोन पानांचं उत्तर लिहिलं आणि १७ मार्चला पुन्हा पाठवलं. मंजुरी ९ एप्रिलला आली.

इथेच सांगून टाकते: अर्जात ‘मूळ स्कॅन’ आणि ‘त्यावरून तयार होणारी मेश’ यांची परवानगी वेगवेगळी मागा. स्कॅनरच्या कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोंचे हक्क कधी कधी तिसऱ्याकडेच असतात, तेही विचारून घ्या. मला फोटोंची परवानगी शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यामुळे माझ्या मेशला दगडाचा रंग नाही, फक्त आकार आहे.

संस्थेनं दोन पर्याय दिले होते. एक, सगळे स्कॅन एकत्र करून विरळ केलेली एकच फाइल. दोन, ३४ स्कॅन वेगवेगळे असलेल्या ई५७ फाइल्स (ई५७ म्हणजे स्कॅनचे बिंदू साठवण्याचा एक फॉरमॅट), २१ जीबी. मी पहिला पर्याय घेतला. लहान फाइल, काम लवकर सुरू होईल असं वाटलं. या एका निर्णयानं माझा सव्वा महिना गेला.

पहिला धक्का मात्र दुसऱ्याच कारणानं बसला. एकत्र फाइल क्लाउडकम्पेअर या बिंदू हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तिथून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये काढून मेशलॅब या मेशच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली, आणि गुळगुळीत भिंतीच्या जागी जिन्याच्या पायऱ्या दिसल्या. सगळे बिंदू पाव-पाव मीटरच्या थरांत गोळा झालेले. स्कॅनच खराब आहे असं समजून मी संस्थेला पत्र लिहायलाही घेतलं होतं. पाठवण्याआधी एक आकडा पाहिला म्हणून वाचले. बिंदूंचे निर्देशांक सर्वेक्षणाच्या पद्धतीतले होते, उत्तरेकडचा आकडा चाळीस लाख मीटरच्या घरात. ३२ बिटांच्या संख्येत जेमतेम सात अंक नीट राहतात. त्यामुळे एकवीस ते बेचाळीस लाखांच्या दरम्यानच्या दोन लगतच्या संख्यांमध्ये तब्बल २५ सेंटिमीटरचं अंतर पडतं. दोन मिलिमीटरचं कोरीवकाम त्यात कुठून उरणार? क्लाउडकम्पेअर फाइल उघडताना ‘ग्लोबल शिफ्ट’ विचारतं ते याचसाठी. उगमबिंदू दालनाच्या एका कोपऱ्यात आणायचा, वजा केलेले आकडे वहीत लिहून ठेवायचे, आणि बाहेर काढताना ते आकडे परत मिसळू द्यायचे नाहीत. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ते तीन आकडे अजून लाल चौकटीत आहेत.

मग आले नॉर्मल. पृष्ठभाग तयार करण्याच्या बहुतेक पद्धतींना बिंदू कुठे आहे एवढं कळून पुरत नाही. त्या जागी दगडाचा चेहरा कोणत्या दिशेला आहे, तेही लागतं; ती दिशा म्हणजे नॉर्मल. शेजारचे बिंदू घेऊन त्यांच्यावर एक छोटं प्रतल बसवलं की दिशा मिळते, पण ती आत की बाहेर हे त्यावरून ठरत नाही. त्यावरचा जुना उपाय म्हणजे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे दिशा पसरवत नेणं. ह्यूज हॉप आणि सहकाऱ्यांनी तो १९९२ मध्ये मांडला. सपाट भिंतीवर तो छान चालतो. पानांच्या नक्षीवर मात्र नाही. पानाची कड जिथे कागदासारखी पातळ होते, तिथे पुढची आणि मागची बाजू एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की दिशा एकीवरून दुसरीवर उडी मारते. २४ एप्रिलच्या रात्री मी गणित लावून झोपले. सकाळी चारपैकी तीन खांब अर्धे उलटे. तशीच मेश काढून पाहिली तर खांबांना फुगे आलेले.

आठवडाभर हाताने नॉर्मल उलटवत बसले. मग कळलं की उत्तर मूळ फाइलमध्येच होतं. स्कॅनरनं जो बिंदू टिपला, त्याचा चेहरा स्कॅनरकडेच असणार, नाहीतर तो दिसलाच नसता. म्हणजे स्कॅनर कुठे उभा होता हे माहीत असेल तर आत-बाहेरचा वाद एका झटक्यात मिटतो. ई५७ मध्ये प्रत्येक स्कॅन आपल्या जागेसह वेगळा राहतो. माझ्या एकत्र फाइलमध्ये ती माहिती पुसली गेली होती.

३ मेला पुन्हा अर्ज. मंजुरी आधीचीच असली तरी ‘डेटाचं स्वरूप बदललं’ म्हणून नवा फॉर्म लागला. सोळा दिवस गेले. १९ मेला दुवा आला, सात दिवस चालणारा. २१ जीबी उतरवताना दोनदा तुटलं, म्हणून सोबत फाइलची चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्याचा आकडा) मागून घेतली आणि ती जुळल्यावरच निश्चिंत झाले. उतरवलेल्या मूळ फाइल्स वेगळ्या डिस्कवर ठेवून त्या फक्त वाचता येतील असं करून टाकलं. आधी प्रत्येक स्कॅनचे नॉर्मल काढायचे, दिशा लावायची आणि मगच सगळे एकत्र करायचे. हा क्रम पाळला तर चौतीस स्कॅनचं काम एका दुपारचं आहे.

वेगवेगळे स्कॅन समोर आल्यावर एक नवीन गोष्ट दिसली. उत्तरेची भिंत दुहेरी होती. प्रत्येक स्कॅनला मी वेगळा रंग दिला आणि भिंतीचा आडवा काप काढला, तर दोन रेघा, मधे १९ मिलिमीटरचं अंतर. स्कॅनर दालनाभोवती फिरवत नेला की प्रत्येक जोडणीत थोडी चूक साठत जाते, आणि वर्तुळ पूर्ण होतं तिथे ती उघडी पडते. शेवटचे दोन स्कॅन तसे सरकलेले होते. आयसीपी (इटरेटिव्ह क्लोजेस्ट पॉइंट) ही पद्धत इथे कामाला येते. ती १९९२ मध्ये बेसल आणि मॅके यांनी मांडली. एका ढगातल्या, म्हणजे एका स्कॅनच्या बिंदूसमूहातल्या, प्रत्येक बिंदूला दुसऱ्यातला सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, सगळं मिळून सरकवायचं, पुन्हा शोधायचं. मात्र ती सुरू करण्याआधी जे दोन्ही स्कॅनमध्ये नाही ते कापून टाका. माझ्या एका स्कॅनमध्ये मधोमध उभा असलेला माणूस होता, दुसऱ्यात नव्हता, आणि अख्खी भिंत त्याच्याकडे ओढली जात होती. तो कापला, दोन्ही ढगांचा किती भाग खरोखर सामायिक आहे तो आकडा अंदाजानं ६० टक्के दिला, आणि अंतर ३ मिलिमीटरवर आलं. दुहेरी रेघ एक झाली तेव्हा मी उठून चहा न करता तशीच बराच वेळ तो काप पाहत बसले होते.

जून सगळा साफसफाईत गेला. लेझरचा ठिपका कडेवर पडतो तेव्हा अर्धा प्रकाश पुढच्या दगडावरून येतो, अर्धा मागच्या. स्कॅनर मधलंच काहीतरी अंतर सांगतो, त्यामुळे प्रत्येक कडेमागे हवेत तरंगणाऱ्या बिंदूंची शेपटी तयार होते. आपोआप गाळणी लावता येते, पण जोरात लावली की पानांची टोकंही गळतात. मी दालनाला सौम्य गाळणी लावली आणि स्तंभशीर्षं हाताने साफ केली. एकाला सरासरी पाच तास लागले.

मग मुख्य काम. पर्याय बरेच आहेत. बॉल पिव्होटिंगमध्ये (१९९९) एक काल्पनिक चेंडू बिंदूंवरून लोळवायचा, तो जिथे तीन बिंदूंवर टेकेल तिथे त्रिकोण. प्रामाणिक पद्धत आहे, कारण ती मूळ बिंदूच वापरते, पण स्कॅनमध्ये दोन मिलिमीटरची थरथर असेल तर तीही जशीच्या तशी मेशमध्ये उतरते. मी पॉइसॉन पद्धत निवडली. काझदान, बोलिथो आणि हॉप यांनी ती २००६ मध्ये मांडली, काझदान आणि हॉप यांनी २०१३ मध्ये सुधारली. ती सगळे नॉर्मल एकत्र विचारात घेऊन ‘कुठे दगड, कुठे हवा’ असं एक सलग फलन शोधते आणि दोघांच्या सीमेवर पृष्ठभाग काढते. थरथर शोषली जाते, लहान भोकं बुजतात. ती मोठी भोकंही बुजवते, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय, ते ऑगस्टमध्ये कळलं.

यातला कळीचा आकडा डेप्थ. दालनाभोवतीचा ठोकळा प्रत्येक दिशेला दोनच्या त्या घाताइतका कापला जातो. माझा ठोकळा साधारण २६ मीटरचा. डेप्थ १० म्हणजे १०२४ भाग, एक घर अडीच सेंटिमीटरचं, नक्षी मेणासारखी वितळलेली. डेप्थ १२ ला घर साधारण ६.३ मिलिमीटरचं. पण एकेक पायरी चढताना मेमरी सुमारे चौपट लागते. ३ मिलिमीटरवर विरळ करून उरलेले ११ कोटी बिंदू घेऊन १६ जीबीच्या माझ्या मशीनवर डेप्थ १२ लावली, आणि चाळीस मिनिटांनी सगळं बंद पडलं. या पूर्ण कामातला एकमेव मोठा खर्च तेव्हा झाला, मेमरी ६४ जीबीपर्यंत वाढवली. सॉफ्टवेअर सगळं मोफत होतं. त्यानंतर डेप्थ १२ ची मेश निघाली. १३ नाही निघाली.

तेव्हा उगाच हट्ट धरू नका. अख्ख्या दालनाला एकच डेप्थ देण्याची गरज नसते. मी खांबांचे माथे वेगळे कापले, सव्वा मीटरचा एकेक तुकडा, विरळ न केलेल्या मूळ बिंदूंसह. तेवढ्याला डेप्थ ९ दिली तरी घर साधारण अडीच मिलिमीटरचं होतं. स्कॅनमधल्या बिंदूंचं आपसातलं अंतर तिथे दोनेक मिलिमीटर होतं, त्यामुळे त्याहून खोल जाण्यात अर्थ नव्हता. १० लावून पाहिली. दगडावर वाळूसारखा खरखरीतपणा आला, तो दगडाचा नव्हता, स्कॅनरचा होता.

१८ जुलैला पहिली पूर्ण मेश झाली. मूळ बिंदू आणि मेश यांतलं अंतर मोजलं, ९५ टक्के बिंदू ४ मिलिमीटरच्या आत. खरं सांगायचं तर त्या दिवशी काम संपलं असं वाटलं होतं. आढाव्यासाठी संस्थेकडे पाठवली आणि उत्तर आलं ५ ऑगस्टला. दालनाची देखभाल पाहणाऱ्या संवर्धनतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला होता: “पूर्वेकडच्या दोन स्तंभशीर्षांची भिंतीकडची बाजू गुळगुळीत आहे. ती बाजू कारागिरानं कोरलीच नव्हती, असं समजायचं का आम्ही?”

मी मेश उघडली. पुढची बाजू: पानांच्या शिरा, टोकाशी वळलेल्या कडा, एका पानाचा तुटलेला कोपरा. फिरवत मागे नेलं तर शिरा हळूहळू मावळल्या आणि त्यांच्या जागी पोटासारखा एक फुगीर, गुळगुळीत भाग. सुंदर होता, हेच वाईट. तसाच दगड कुणी घडवला असेल अशी खात्री वाटावी इतका सुंदर. मूळ बिंदू त्यावर टाकून पाहिले. तिथे एकही बिंदू नव्हता. ३४ वेळा स्कॅनर उभा केला, सगळ्या वेळा जमिनीवर, आणि भिंत व स्तंभशीर्ष यांच्यातल्या हातभर फटीत वरून पाहणारं कुणी नव्हतं. मी मोजलेले ते ४ मिलिमीटर बिंदूंपासून मेशपर्यंतचं अंतर होतं. जिथे बिंदूच नाहीत, तिथलं काहीच त्या आकड्यात येत नव्हतं.

मला रात्री झोप लागली नाही. एखाद्या अभ्यासकानं त्या मेशवरून लिहिलं असतं की इथल्या कारागिरांनी न दिसणारी बाजू कोरायची सोडली, तर ते माझ्या मेशमधल्या बुजवलेल्या भोकातून आलेलं विधान ठरलं असतं. मायकेलँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्याचा जवळपास २०० कोटी बहुभुजांचा कच्चा डेटा गोळा करणाऱ्या स्टॅनफर्डच्या चमूलाही स्कॅनर न पोचलेल्या जागा टाळता आल्या नव्हत्या, आणि भोकं कशी बुजवावीत यावर त्याच चमूतल्या लोकांनी २००२ मध्ये वेगळा निबंध लिहिला. म्हणजे प्रश्न जुना आहे. स्मारकांच्या जतनाबाबतच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनं तर प्रत्यक्ष इमारतीबाबत केव्हाच सांगून ठेवलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मला ते मेशला लावायचं सुचलं नव्हतं.

उपाय तांत्रिकदृष्ट्या सोपा निघाला. पॉइसॉन चालवतानाच ‘डेन्सिटी’ जतन करा असा पर्याय असतो. मेशच्या प्रत्येक शिरोबिंदूला, म्हणजे त्रिकोणाच्या कोपऱ्याला, त्याच्या आसपास मूळ बिंदू किती दाट होते ते चिकटून येतं. मी तो रंगात दाखवला: पुढची पानं लाल, मागचं पोट निळं. जमिनीवरही निळी वर्तुळं उमटली, चौतीस, प्रत्येक ट्रायपॉडखाली एक, कारण स्कॅनरला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही. दालनाच्या छताजवळच्या कंगोऱ्यांवर निळी पट्टी. ठरावीक घनतेखालचं सगळं कापून टाकायचं. पण ती सीमा कुठे धरायची हे यंत्र सांगत नाही. मी प्रत्येक निळ्या जागी मूळ बिंदू टाकून डोळ्यांनी पाहिलं. दहा दिवस लागले. पॉइसॉन चालवताना डेन्सिटीची खूण केली नसेल तर सगळी मेश पुन्हा काढावी लागते. ती खूण मी दालनाला केली होती, स्तंभशीर्षांना नव्हती.

बाईंशी फोनवर बोलले. म्हटलं, “भोकं तशीच ठेवून देऊ का? दिसायला बरं नाही दिसणार.” त्या म्हणाल्या, “दिसू द्या. पुढच्या वेळी स्कॅनर कुठे लावायचा ते तरी आम्हाला कळेल.” शेवटी दोन प्रती ठरल्या. नोंदीसाठीची मेश भोकांसह. लोकांना दाखवण्यासाठीची बुजवलेली, पण बुजवलेला भाग सपाट करड्या रंगात, जेणेकरून तो दगड आहे असं कुणाला वाटणार नाही.

२८ ऑगस्टला फाइल्स दिल्या. सोबत नऊ पानांचं टिपण. वारशाच्या संगणकीय चित्रणाची तत्त्वं सांगणाऱ्या लंडन चार्टरच्या २००९ च्या आवृत्तीत याला पॅराडेटा म्हटलंय: काय केलं याच्या जोडीला ते का केलं याची नोंद. कोणते दोन स्कॅन हलवले आणि किती, गाळणी कोणती, डेप्थ किती, घनतेची सीमा कुठे आणि ती तिथेच का. हे टिपण काम करतानाच लिहीत जा. जूनमधली साफसफाई मी नोंदवली नव्हती, ती आठवून लिहायला चार दिवस गेले आणि दोन गोष्टी शेवटी आठवल्याच नाहीत. टिपणात तसं लिहिलंय.

स्वीकृतीचं पत्र २२ सप्टेंबरला आलं. करारानुसार मूळ फाइल्स पुसल्याचं लेखी कळवायचं होतं, पण त्याआधी बाईंचा निरोप आला की थोडं थांबा. १४ ऑक्टोबरला एक लहानशी ई५७ मिळाली. स्कॅनर उंच मचाणावर चढवून पूर्वेकडच्या एका स्तंभशीर्षाची मागची बाजू घेतली होती. दुसऱ्याच्या मागे मचाण बसलं नाही.

नवा स्कॅन जुन्यावर बसवला, १.८ मिलिमीटरवर जुळला. नॉर्मल काढले, डेन्सिटीची खूण केली, मेश काढली. मागची बाजू गुळगुळीत नाही, आणि पुढच्यासारखी कोरलेलीही नाही. पानांच्या बाह्यरेषा छिन्नीनं आखलेल्या आहेत, शिरांच्या जागी तिरके ओरखडे आहेत, आणि डावीकडून तिसऱ्या पानाचं फक्त अर्धं खोदकाम झालेलं आहे. तिथे छिन्नीचे घाव एकेक मोजता येतात, सतरा. दुसऱ्या स्तंभशीर्षाच्या मागे भोक तसंच आहे.